आडवाटेची काडतुसं : प्रस्तावना

उत्तर भारतात एखाद्या जुन्या जमीनदाराच्या घरी परवान्याची रायफल असेल, तर ती बहुधा .३१५ बोअरची असते. गावठी कट्ट्याबरोबर जी 'जिवंत काडतुसं' जप्त झाल्याच्या बातम्या येतात, त्यांतही .३१५ चं नाव वरचेवर वाचायला मिळतं. आपल्या लेखी हे इतकं सरधोपट काडतूस आहे की त्यावर पुस्तकाचं पान खर्ची घालावं असं कुणाला वाटणार नाही. हेच काडतूस अमेरिकेतल्या एखाद्या जाणकार शौकिनासमोर ठेवलं, तर मात्र तो हातातलं काम टाकून ते उलटंसुलटं करून बघेल. त्याच्या दृष्टीने ते ८×५० मिलिमीटरचं मानलिखर आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेने ते १८९० च्या सुमारास स्वीकारलं, आणि १९१८ मध्ये ते साम्राज्यच मोडल्यावर हळूहळू ते युरोपातून दिसेनासं झालं.

मग ते आपल्याकडे कसं टिकलं? ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानातल्या खासगी माणसाच्या हाती लष्कराच्या .३०३ रायफलीत चालणारी काडतुसं पडू द्यायची नव्हती. शिकाऱ्यांना तर रायफल हवी होती. म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ओळखीच्या ली-एन्फील्डचाच सांगाडा घेतला आणि त्यात हे परकं, ब्रिटिश लष्कराच्या काहीच कामाचं नसलेलं काडतूस बसवलं. राज्य गेलं, नियम राहिला. .३०३ आजही आपल्याकडे 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडते, आणि .३१५ ची परंपरा पुढे इशापूरच्या रायफल कारखान्याने चालवली.

दुर्मीळ काडतुसांबद्दल लिहायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो: कुठे दुर्मीळ, कुणासाठी, आणि कुणामुळे? या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या प्रश्नावर उभा आहे. एखादं काडतूस मागे पडलं म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असं आपण सहज धरून चालतो. खोलात गेलं की दिसतं, निकाल बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी लावलेला असतो. कधी कायद्याने, कधी कारखान्याच्या हिशेबाने, कधी त्याच्या वाट्याला आलेल्या फसक्या बंदुकीने, तर कधी निव्वळ जाहिरातीने. गोळी बिचारी सरळच जात होती.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी ओळख करून देतो. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की सुई टोपीवर आदळते, ठिणगी दारूला लागते आणि जळत्या दारूचा वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो. त्याच क्षणी पितळ फुगून नळीच्या बुडाच्या भिंतीला चिकटतं, म्हणून तो वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. काम झालं की पितळ किंचित आक्रसतं, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. गेल्या दीडशे वर्षांत या रचनेत मुळातून बदल झालेला नाही. पुंगळी किती लांब, किती रुंद, सरळ की मानेशी आवळलेली, बुडाला बाहेर आलेली कडा आहे की खाच, आणि गोळीची जाडी किती, एवढ्याच गोष्टी उलटसुलट करून माणसांनी हजारो काडतुसं घडवली.

शौकीन माणूस काडतूस हातात घेतो तेव्हा आधी त्याचं बूड बघतो. .३०३ ची एक जुनी पुंगळी घेऊ. मधोमध टोपीचं वर्तुळ आणि भोवती ठसे: 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं, सरकारी मालाची खूण असलेला बाण, सालाचे दोन आकडे आणि रोमन सात. अक्षरं किर्की फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. तो १८६९ पासून चालू आहे. रोमन सात म्हणजे १९१० मध्ये आलेला टोकदार गोळीचा सातवा नमुना. पितळेच्या त्या बोटभर वर्तुळात कारखाना, साल, नमुना आणि मालक असं सगळं येतं. .३०३ जमवणाऱ्या परदेशी संग्राहकांना ही अक्षरं चांगली ठाऊक असतात. खडकी स्टेशनात लोकल पकडणाऱ्याला मात्र त्यांची कल्पना क्वचितच असते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याचे ठसेही असेच ओळखू येतात.

बुडावर नाव असलं तरी त्या नावावर विसंबता येत नाही. .३८ स्पेशलची गोळी .३५७ इंचाची असते. .४४ मॅग्नमची जेमतेम .४३ भरते. .३८-४० नावाच्या काडतुसाची गोळी .३८ ची तर नाहीच, ती .४० ची आहे. .३०-०६ मधला शून्य-सहा म्हणजे १९०६ साल, .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे दारूचं ग्रेनमधलं वजन, आणि .२५०-३००० मधले तीन हजार म्हणजे गोळीचा फूट प्रति सेकंद वेग. या शेवटच्या काडतुसाची गंमत अशी की त्याचा जनक चार्ल्स न्यूटन याला त्यात १०० ग्रेनची गोळी हवी होती. पण तिला तीन हजारांचा आकडा गाठता येत नव्हता. सॅव्हेज कंपनीने गोळी ८७ ग्रेनवर आणली आणि १९१५ मध्ये वेगाचा गोल आकडा थेट नावातच घातला. शाळेत शिकलेल्या गणिताच्या भरवशावर या क्षेत्रात कुणी पाऊल टाकू नये.

काडतुसाने इतिहास हलवल्याचं उदाहरण भारतीय वाचकाला शाळेतच भेटतं. १८५७ चं चरबी लावलेलं काडतूस कागदाचं होतं आणि .५७७ च्या ठासणीच्या एन्फील्ड रायफलीसाठी होतं. टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची. चरबीची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला सुरू झाली. चार दशकांनी त्याच डमडमचं नाव पुन्हा जगाच्या तोंडी आलं. तिथल्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने .३०३ ची टोक उघडं ठेवलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार केली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा निघाला. काडतुसांच्या इतिहासात एवढं वजन असलेलं दुसरं भारतीय गाव मला तरी माहीत नाही.

कागदी काडतुसावरून हिंदुस्थान पेटला त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने धातूच्या पुंगळीचं .२२ शॉर्ट बाजारात आणलं. ते आजही तयार होतं. त्याचाच धाकटा, पण लांबीने मोठा भाऊ म्हणजे १८८७ चं .२२ लाँग रायफल. तेजस्विनी सावंतचं २०१० मधलं म्युनिकचं जगज्जेतेपद, राही सरनोबतचं २०१८ चं आशियाई सुवर्ण आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, ही तिन्ही कोल्हापूरची यशं याच काडतुसाची. इतकं सर्वत्र मिळणारं काडतूस या पुस्तकाचा विषय होऊ शकत नाही, पण मोजपट्टी म्हणून ते सतत हाताशी लागतं.

१८६० च्या दशकात टोपीचे दोन प्रकार रूढ झाले. एक अमेरिकन हायरम बर्डनचा, दुसरा इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरचा. पुढे अमेरिकेने इंग्रजाची टोपी उचलली आणि युरोपने अमेरिकनाची. हा तपशील किरकोळ वाटतो, पण दुर्मीळ काडतुसांच्या शौकाचा अर्धा भूगोल त्याने ठरवला. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, म्हणून वापरलेली टोपी साध्या सुईने मागून ढकलून काढता येते आणि पुंगळी पुन्हा भरता येते. बर्डनच्या पद्धतीत हे काम किचकट. अमेरिकन माणूस घरच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायला लागला, त्यामागे त्याच्या उत्साहाइतकाच या भोकाचाही वाटा आहे.

खरी उलथापालथ १८८४ मध्ये झाली. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि दोन वर्षांत फ्रान्सने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल स्वीकारली. काळ्या दारूच्या काळात जोर वाढवायचा तर गोळी जाड करावी लागे. आता बारीक गोळी जोरात फेकता येऊ लागली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत प्रत्येक राष्ट्राने आपापलं काडतूस काढलं. रशियाचं १८९१ चं ७.६२×५४ अजून लष्करी सेवेत आहे. स्वीडन-नॉर्वेचं १८९४ चं ६.५×५५ स्कँडिनेव्हियातल्या शिकाऱ्यांचं आजही लाडकं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९११ चं ७.५×५५ अजून गावोगावच्या मैदानांवर वाजतं. तिथे ते घरचं, मुंबईत ते संग्रहालयातलं.

युरोपच्या लष्करी घराण्याइतकंच ठसठशीत दुसरं घराणं म्हणजे ब्रिटिश शिकारी बंदुका बनवणाऱ्यांचं. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, जेफरी ही दुकानं लंडन-बर्मिंगहॅमची, पण त्यांचं गिऱ्हाईक हिंदुस्थान आणि आफ्रिकेतलं. आपले संस्थानिक तर त्यांचे ठेवणीतले आश्रयदाते. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढलं आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीचं ते जवळपास प्रमाण होऊन बसलं. पुढे १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात .४५० वर बंदी आली. सरकारी भीती अशी की लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती आहेत, त्यांची नळी .४५० ची आहे, तेव्हा शिकारी काडतुसातल्या गोळ्या काढून तिथे वापरल्या जातील. बंदीचा परिणाम मोठा मजेशीर झाला. प्रत्येक दुकानदार त्या आकड्याच्या थोडं पलीकडे आपापलं काडतूस घेऊन हजर झाला: हॉलंडचं .४६५, जोसेफ लँगचं .४७०, जेफरीचं .४७५, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६. जोर सगळ्यांचा साधारण सारखा, पण एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत जाणार नाही. पुढे बंदी उठली, तोवर .४७० ने बाजी मारली होती. आफ्रिकेत आज दुनळी रायफल घेऊन जाणारा शिकारी बहुधा .४७० च वापरतो. कलकत्त्यातल्या नोकरशाहीने घेतलेला तो निर्णय, पण त्याचा ठसा टांझानियात दिसतो. बाकीची भावंडं लिलावात किंवा काचेच्या कपाटात बघायची.

याच घराण्यातलं .२७५ रिग्बी आपल्याकडे जिम कॉर्बेटमुळे ओळखीचं आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूवेट यांनी १९०७ मध्ये कॉर्बेटला या काडतुसाची रायफल भेट दिली. ती रायफल आता पुन्हा रिग्बी कंपनीकडेच आहे. पण .२७५ रिग्बी हे मुळात इंग्रजी पोशाख घातलेलं जर्मन काडतूस, ७×५७ माउझर. बोअर युद्धात (१८९९–१९०२) हेच काडतूस ब्रिटिश सैनिकांवर चाललं होतं. शत्रूचं काडतूस इंचात मोजून इंग्रजी नावाने विकलं की गिऱ्हाइकाला अवघडल्यासारखं होत नाही, एवढा व्यवहार लंडनच्या दुकानदारांना कळत होता. वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बरेचसे याच बारीक काडतुसाने. आज तो आकडा वाचून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. काडतुसांच्या चर्चेत मात्र तो टाळता येत नाही, कारण बारीक गोळी विरुद्ध जाड गोळी या न संपणाऱ्या भांडणात बेलचं नाव शंभर वर्षं साक्षीला काढलं जातं.

अमेरिकन घराण्याचा स्वभाव वेगळा. तिथे काडतूस दुकानदार नव्हे, हौशी माणूस घडवतो. कारखान्याची पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची किंवा सैल करायची, खांद्याचा कोन बदलायचा, नळी त्या मापाची करून घ्यायची, आणि जे तयार होईल त्याला स्वतःचं नाव द्यायचं. अशा घरगुती काडतुसांना तिथे वाइल्डकॅट म्हणतात. त्यांतलं एखादं पुढे कारखान्याच्या दारात पोचतं. टाउनसेंड व्हेलेन या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाचं .३५ व्हेलेन १९२२ चं. रेमिंग्टनने ते कारखान्यात घ्यायला साठाहून अधिक वर्षं लावली. वर आलेल्या .२५०-३००० ची मान आवळून हौशी लोकांनी .२२-२५० बनवलं होतं, त्याला १९६५ मध्ये मान्यता मिळाली आणि ते चांगलं खपलं. .२२ हॉर्नेटचं तर उलटंच झालं. विंचेस्टरने १९३० मध्ये काडतुसं विकायला काढली, तेव्हा त्यांच्यासाठी बाजारात एकही तयार रायफल नव्हती.

या घराण्याचा कुलगुरू पी. ओ. ॲक्ली. बंदुका घडवणारा, शिकवणारा, लिहिणारा आणि सारखा काही ना काही उकरून बघणारा माणूस. पुंगळीच्या भिंती सरळ करून खांदा उभा केला की तिच्यात थोडी जास्त दारू मावते, ही त्याची साधी कल्पना, आणि त्याने ती दिसेल त्या काडतुसावर लावून पाहिली. त्यांतलं .२८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड आज कारखान्यात बनतं. बाकीची बहुतेक मूळ काडतुसापेक्षा उन्नीस-बीसच. हे ॲक्लीला स्वतःला कळत होतं, म्हणून मला तो माणूस आवडतो. त्याचं सर्वांत प्रसिद्ध अपत्य .२२ इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर हा तर शुद्ध वात्रटपणा. हत्तीच्या काडतुसाएवढी पुंगळी आवळून तिच्या तोंडाशी .२२ ची चिमुकली गोळी बसवायची आणि ती सेकंदाला पाच हजार फूट पळते का बघायचं. ती तिथवर पोचली नाही. नळी मात्र लवकर खलास होणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या जगात दुर्मीळपणाचे किस्से जास्त रंगतात, कारण तिथे पोलीस, सिनेमा आणि राजकारण तिन्ही येऊन मिळतात. १० मिलिमीटर ऑटोचंच बघा. हे काडतूस १९८३ मध्ये स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने बनवलं. कल्पनेमागे जेफ कूपर हे पिस्तूलविद्येतलं मोठं नाव. त्यासाठी काढलेलं ब्रेन टेन पिस्तूल 'मायामी व्हाइस' या टीव्ही मालिकेत नायकाच्या हातात होतं, म्हणजे जाहिरात फुकटात झाली. पण ते बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीकडून गिऱ्हाइकांना पिस्तुलं मिळाली ती मॅगझिनविना, आणि १९८६ मध्ये कंपनी बुडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, नव्या काडतुसाचा शोध सुरू झाला आणि १० मिलिमीटरला दुसरा जन्म मिळाला. एफबीआयने ते घेतलं खरं, पण जोर कमी करून. जोर कमीच करायचा तर पुंगळी एवढी लांब कशाला, असं म्हणून १९९० मध्ये ती आखूड केली गेली आणि .४० स्मिथ अँड वेसन जन्माला आलं. धाकट्याने पोलिसांचं सगळं मार्केट नेलं. २०१५ मध्ये एफबीआय ९ मिलिमीटरवर परत गेली आणि .४० ला उतरती कळा लागली. अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्यांनी मात्र पूर्ण जोराचं १० मिलिमीटर पुन्हा उचलून धरलं. तीस वर्षांत एवढे चढउतार एखाद्या राजकारण्याच्याही वाट्याला येत नाहीत.

.४१ मॅग्नमचं नशीब साधं आणि करुण. .३५७ (१९३५) आणि .४४ (१९५५) यांच्या मधलं, पोलिसांना नेमकं शोभेल असं काडतूस एल्मर कीथ आणि बिल जॉर्डन या नेमबाजांच्या आग्रहाने १९६४ मध्ये आलं. आकड्यांत त्याच्यात खोट काढता येत नाही. पण ज्याला जोर हवा त्याने .४४ घेतलं, ज्याला हलकं हवं त्याने .३५७. .४१ वापरणारे थोडे, पण कट्टर.

१८९५ च्या रशियन नगान रिव्हॉल्व्हरचं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस दिसायलाच चमत्कारिक आहे. गोळी पुंगळीच्या आत बुडालेली असते, बाहेर काही दिसत नाही. घोडा मागे ओढला की गोल फिरणारं घर पुढे सरकून नळीला भिडतं आणि पुंगळीचं तोंड नळीत शिरतं, म्हणजे फटीतून वायू निसटायला जागा उरत नाही. दुसऱ्या कुठल्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरने हा खटाटोप केला नाही. त्यातून मिळणारा फायदा आणि त्यासाठी करावी लागणारी गुंतागुंत यांचा मेळ बसत नाही, हे त्याचं खरं कारण. इथे काडतूस मागे पडलं ते योग्यच झालं, असं मी म्हणेन.

आणि मग .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. १८९६ चं हे मवाळ काडतूस. न्यूयॉर्कचा पोलीस आयुक्त असताना थिओडोर रूझवेल्टने आपल्या शिपायांना याच जातीची कोल्ट रिव्हॉल्व्हर दिली होती. प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या बंदुकीवर नको म्हणून कोल्टने काडतुसाला वेगळं नाव दिलं, तो भाग निराळा. अमेरिकेत आज हे आजोबांच्या खणातलं काडतूस समजतात. भारतात परवान्याची रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेकदा हेच. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' काढली, तीही .३२ ची. पण या काडतुसाचं तिसरंही एक रूप आहे. सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठाशी संपणारी गोळी बसवली की ते जगातल्या सर्वांत अचूक पिस्तूल काडतुसांत गणलं जातं आणि कागदावर पंचने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडतं. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत जगभर हेच चालतं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, ती याच स्पर्धेत. न्यूयॉर्कमध्ये कालबाह्य, कानपूरमध्ये रोजचं, दोह्यात सोन्याचं.

कायदा काडतुसं कशी घडवतो, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा दिसेल, कारण त्या बाबतीत आपण एकटे नाही. मेक्सिकोत लष्करी बोअर नागरिकांना मना, म्हणून १९२९ चं .३८ सुपर तिथे घरोघर पोचलं. इटलीत ९×१९ वर अगदी अलीकडेपर्यंत बंदी होती, म्हणून पुंगळी दोन मिलिमीटर लांब करून ९×२१ आलं. काम तेच, कायद्याच्या लेखी वस्तू वेगळी. फ्रान्सने १९३९ पासून २०१३ पर्यंत युद्धाची काडतुसं नागरिकांना जवळजवळ बंद ठेवली, त्या काळात तिथल्या शिकाऱ्यांनी ७×६४ सारख्या पर्यायांवर प्रेम केलं. बंदी घालणाऱ्याला वाटतं वस्तू संपेल. प्रत्यक्षात तिला एक चुलत भावंड होतं.

हे सगळं आता का लिहावं? कारण काडतुसांच्या गर्दीतून भराभर गळती सुरू आहे. रेमिंग्टन कंपनी २०२० मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि तिचे तुकडे विकले गेले. आज फेडरल, सीसीआय, स्पीअर आणि रेमिंग्टनची काडतुसं ही सगळी नावं एकाच चेक उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहेत. २०२०-२१ मध्ये महामारीच्या काळात अमेरिकेत काडतुसांचा दुष्काळ पडला, तेव्हा कारखान्यांनी आपली यंत्रं ९ मिलिमीटरसारख्या भरघोस खपाच्या मालाला जुंपली. कमी खपाची काडतुसं रांगेत मागे ढकलली गेली. शिशावरच्या बंदीचा फटका आणखी वेगळा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची गोळी नव्याने आखावी लागते, आणि वर्षाला मूठभर पेट्या खपणाऱ्या काडतुसासाठी तो खर्च कोण करणार? शिशामुळे गिधाडं मरतात, त्यामुळे बंदी योग्यच आहे. तिच्यात जुनी काडतुसं भरडली जातात, हेही तितकंच खरं.

दुसरीकडे नवं काडतूस कसं जिंकतं, हेही बघण्यासारखं आहे. हॉर्नडीचं ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं आणि दहा वर्षांत लांब पल्ल्याच्या नेमबाजीत शिरजोर झालं. त्याचं काम रेमिंग्टनचं .२६० दहा वर्षं आधी करत होतं, आणि स्वीडनचं ६.५×५५ शंभरहून जास्त वर्षं आधी. मग क्रीडमूरने वेगळं काय केलं? लांब, निमुळत्या गोळीला पुरेशी जागा मिळेल अशी आखूड पुंगळी, आणि पहिल्या दिवसापासून दुकानात तयार मिळणारं स्पर्धेच्या दर्जाचं काडतूस. घरी भरायची कटकट त्याने संपवली. दुर्मीळ काडतुसांचे शौकीन त्याच्यावर खार खाऊन असतात, त्यामागे थोडा मत्सर आहे.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती थोडी त्रासाची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, ते फार बरं झालं. पण आजोबांची रायफल वारशाने नातवाकडे आली, परवाना त्याने सांभाळला, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा केली, निवडणूक संपली की परत आणली, आणि तिच्यात चालेल असं काडतूस मात्र देशात कुठे मिळत नाही, अशी कुटुंबं कोल्हापूर-सांगलीपासून विदर्भापर्यंत भेटतात. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. मग कोणतं ठेवायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवताना पहिला बळी जातो तो अशाच अनाथ बोअरचा. काडतुसाच्या बुडावरचा ठसा आणि नळीवरचा आकडा वाचता आला, तर निदान आपण काय सोडतोय ते तरी कळेल.

पुस्तक काय करतं आणि काय करत नाही, तेही स्पष्ट सांगतो. काडतुसं कशी भरावीत, कोणत्या दारूचे किती ग्रेन, हे यात नाही. आपल्याकडे काडतुसं बनवणं हे परवान्याचं काम आहे आणि ज्या देशांत ते घरी चालतं तिथे त्याची स्वतंत्र पुस्तकं आहेत. हा कोशही नाही. फ्रँक बार्न्सचा 'कार्ट्रिजेस ऑफ द वर्ल्ड' १९६५ पासून ते काम करतो आहे, आणि आफ्रिकेच्या काडतुसांवर जॉन टेलरचं १९४८ चं पुस्तक अजून वाचलं जातं, भांडण्यासाठी का होईना. इथे निवड आहे, आणि ती मुद्दाम एकांगी आहे. ज्या काडतुसाच्या मागे पडण्याचं किंवा तगून राहण्याचं कारण सांगता येतं, तेच घेतलं. नुसतं विचित्र आहे म्हणून कुणाला जागा दिली नाही. त्यामुळे काही शौकिनांची लाडकी नावं गळली आहेत, त्यांचा राग सहन करायची तयारी आहे.

बारा बोअरची आणि एकूणच छर्‍याची काडतुसं पूर्ण वगळली. त्यांचा हिशेब निराळा, मापं निराळी, त्यांना वेगळं पुस्तक लागेल. मापं जिथे इंचात रूढ आहेत तिथे इंचात आणि जिथे मिलिमीटरमध्ये तिथे तशीच ठेवली. ती एकसारखी करण्याचा मोह आवरला, कारण .२७५ रिग्बी आणि ७×५७ ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत हे कळण्यातच निम्मी मजा आहे. क्रमाने वाचायचं बंधन नाही. बंदुकांशी अजिबात ओळख नसलेल्या वाचकाने १९०७ च्या बंदीपासून सुरुवात करावी, तिथे तांत्रिक भाग सर्वांत कमी आणि माणसांचे उद्योग सर्वांत जास्त आहेत. नेमबाजी करणाऱ्यांनी आधी .३२ वाचावं, आणि घरात अनाथ रायफल असलेल्यांनी ठशांपासून.